सुट्या रंगाच्या बाजूने

ऑक्टोबर उजाडला की युरोप-अमेरिकेतल्या मेकअप कंपन्यांचे नाताळचे भेटसंच दुकानांत दिसू लागतात. त्यांतल्या काहींत बोटाच्या पेराएवढ्या कुप्या असतात आणि कुप्यांमध्ये धातूसारखी झळाळणारी आयशॅडोची सुटी पूड. कुठली तांबूस, कुठली जुन्या सोन्यासारखी, कुठली मोरपिशी झाक मारणारी. टोरांटोहून, न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगांतून हे संच आपल्या घरांत पोचतात. त्यातली लिपस्टिक लगेच वापरात येते, काजळाची पेन्सिलही येते; कुप्या मात्र ड्रॉवरच्या तळाशी जातात. कुणी धीर करून एखादी उघडलीच, तर पुढचे शेरे ठरलेले. सांडतं फार. आपल्या रंगाला शोभत नाही. चाळिशीनंतर असलं काही लावू नये. सेटमध्ये भरतात तो उरलेला माल. आणि अलीकडे ऐकू येणारा, या सगळ्यांहून गंभीर आक्षेप: ही चमक झारखंडच्या पोरांनी मातीतून वेचलेली आहे.

हे शेरे मी मेकअप शिकवणाऱ्यांकडून ऐकले आहेत, साप्ताहिकांच्या सल्ला-सदरांत वाचले आहेत आणि लग्नघरांत तर दर हंगामात ऐकते. पहिले चार मला साफ अमान्य आहेत. पाचव्यातली वस्तुस्थिती खरी आहे, पण त्यावरून ‘म्हणून वापरू नका’ असं जे सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गफलत आहे. सुटी पूड आपण दाबलेल्या आयशॅडोसारखी लावून पाहतो आणि ती तशी वागली नाही की तिला नापास करतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पॅलेटमधल्या दाबलेल्या आयशॅडोत रंगाबरोबर बरंच काही असतं. भर घालायला टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. बांधून ठेवायला झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट. आणि थोडं तेल किंवा सिलिकॉन. हे मिश्रण पत्र्याच्या वाटीत यंत्राने दाबतात. त्यातला बांधणारा घटक दोन कामं करतो. रंग वाटीत घट्ट धरतो आणि नंतर पापणीवरही धरून ठेवतो. सुट्या पुडीत हा घटक नावापुरता असतो किंवा नसतोच. कुपीत जवळजवळ सगळा रंगच असतो: अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा आयर्न ऑक्साइडचा पातळ थर. हे पापुद्रे मोठे असतील तर दाबताना नीट बसत नाहीत, मोडतात, आणि भरीच्या पुडीत मिसळले की त्यांची झळाळी मंदावते. झळाळी पूर्ण हवी असेल तर पूड सुटी ठेवावी लागते. कंपनीने आळस केला म्हणून ती सुटी राहिलेली नाही.

याचा अर्थ एवढाच की पापणीवर रंग धरून ठेवायचं काम आता आपल्याला करायचं आहे. ‘सांडतं’ या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. कोरड्या पापणीवर कोरड्या, फुललेल्या ब्रशने ही पूड फिरवली की निम्मी डोळ्याखाली उतरते, गालाच्या हाडावर बसते आणि फाउंडेशनला चिकटली की पुसूनही जात नाही. हे अगदी खरं आहे. पण ज्या रंगात धरणारा घटकच नाही, तो कोरड्या त्वचेवर ठरावा अशी अपेक्षा करायची आणि ठरला नाही की माल वाईट म्हणायचं, याला परीक्षा म्हणत नाहीत.

शिवाय ही पद्धत आपल्याला नवी असायचं काहीच कारण नाही. चिकटायच्या टिकल्या घराघरांत येण्याआधी मराठी बायका रोज हेच करत होत्या. फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी असायची. आधी बोटाने कपाळावर मेणाचा गोल ठिपका द्यायचा, त्याची कड नीट करायची, मग कोरडं कुंकू चिमटीत किंवा बोटावर घेऊन मेणावर दाबायचं. घासायचं नाही, दाबायचं. जास्तीची पूड कापडाच्या टोकाने झटकली की झालं. ते कुंकू घामात, चुलीसमोर, दिवसभराच्या कामात टिकायचं. खाली चिकट पाया, वर दाबून बसवलेली सुटी पूड: पिगमेंट, म्हणजे ही सुटी रंगपूड, लावायची रीत नेमकी हीच. माझ्या मावशीने आयुष्यात आयशॅडो लावलेली नव्हती. भाचीने आणलेल्या संचातली तांबडी कुपी तिच्या हातात दिली, तर तिने कुणी न सांगता पापणीवर आधी क्रीम टेकवलं आणि अनामिकेने पूड दाबली. गालावर कण पडला नाही. मेकअपचे वर्ग केलेली भाची शेजारी बसून बघत होती. सुटी पूड फक्त व्यावसायिक मेकअप आर्टिस्टनेच हाताळावी, असं मला जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा मला मावशीचं ते बोट आठवतं.

सरावाचं काय ते थोडक्यात सांगते, कारण नुसता वाद घालून पापणी रंगत नाही. कुपी उलटी करून हलवायची नाही. झाकणावर टिचकी मारली की झाकणाच्या आत जेवढी पूड लागते तेवढी पुरते. पापणीवर चिकटसर क्रीम आयशॅडो किंवा प्रायमर बोटाने पातळ पसरायचा आणि तो वाळायच्या आत पुढचं काम करायचं. धातूच्या पत्र्यासारखी झळाळी हवी असेल, तर स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर मिक्सिंग मीडियमचा, म्हणजे पूड भिजवायच्या द्रवाचा, एक थेंब घ्यायचा. चपट्या, आखूड केसांच्या सिंथेटिक ब्रशचं टोक त्यात भिजवून टिपकागदावर टेकवायचं आणि मग झाकणातल्या पुडीत. ब्रश ओला दिसता कामा नये, दमट हवा. आता पापणीच्या मध्यावर तो आडवा टेकवायचा, उचलायचा, शेजारी टेकवायचा. पहिल्या दोन-तीन टेकण्यांत रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि इथेच बहुतेकजणी घाबरून ब्रश फिरवायला लागतात. थांबायचं. ओल उडाली की पापुद्रे त्वचेवर आडवे निजतात, एकमेकांवर चढतात आणि ठिपके मिटून सलग झिलई दिसू लागते. कडा विरघळवायच्या असतील तर कोरड्या ब्रशने, आणि त्याही वाळल्यानंतरच. डोळ्यांचं काम आधी, फाउंडेशन नंतर. म्हणजे खाली पडलेला एखाद-दुसरा कण ओल्या कापसाने निघून जातो. ओला ब्रश कुपीत कधीच घालायचा नाही. कोरड्या पुडीत जंतूंना पाणी मिळत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं चांगली राहते. तिच्यात पाणी गेलं की तो लाभ संपला.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खटकतो. ‘आपल्या रंगाला शोभत नाही.’ यात ‘आपला रंग’ म्हणजे गहूवर्णापासून काळ्यासावळ्यापर्यंतचा, हे सांगायला नको. इथे भौतिकशास्त्र सरळ उलटं बोलतं. अभ्रकाच्या पापुद्र्यावरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर किती जाड आहे त्यावर त्याची झाक ठरते. हा फरक काही दशक नॅनोमीटरचा असतो. पातळ थर रुपेरी दिसतो आणि जाडी वाढत जाईल तशी झाक सोनेरी, तांबूस, निळी आणि मग हिरवी होत जाते. तिथे रंगद्रव्य नसतंच. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून ती झाक तयार होते. बाकीचा प्रकाश पापुद्र्यातून आरपार जातो. खालचा पृष्ठभाग पांढरट असेल तर हा आरपार गेलेला प्रकाश परत फिरतो, वरच्या झाकेत मिसळतो आणि तिला धुऊन काढतो. खालचा पृष्ठभाग गडद असेल तर तो प्रकाश तिथेच शोषला जातो आणि झाक एकटी, लखलखीत उभी राहते.

ही गोष्ट घरी पडताळता येते. निळ्या किंवा हिरव्या झाकेची पूड एका बोटाने पांढऱ्या कागदावर ओढा आणि तीच काळ्या कागदावर ओढा. पांढऱ्यावर मळकट दुधी पट्टा दिसेल. काळ्यावर कागद जरा तिरका केला की पट्टा पेटल्यासारखा दिसेल. मॅक या मेकअप कंपनीची ‘ब्लू ब्राउन’ ही गाजलेली छटा याचं उत्तम उदाहरण आहे. कुपीत ती तांबूस तपकिरी, फारशी लक्ष वेधून न घेणारी दिसते. सावळ्या पापणीवर दाबली आणि खिडकीकडे मान वळवली की तपकिरीतून निळसर हिरवी झाक उठते. आता ही छटा गोऱ्या मनगटावर लावून, छापील पानावरच्या चौकोनात पाहून, ‘विशेष नाही’ असा निकाल द्यायचा आणि तो निकाल सावळ्या मुलींनी ऐकायचा, हे किती चुकीचं आहे बघा. ज्या त्वचेवर ही पूड सर्वांत जास्त खुलते, त्याच त्वचेला ती वर्ज्य म्हणून सांगितली जाते.

सावळ्या त्वचेवर काय वाईट दिसतं तेही सांगते. टाल्क भरपूर घातलेली दाबलेली फिकट आयशॅडो भस्म फासल्यासारखी दिसते, कारण भरीची पांढरी पूड त्वचेवर राखाडी थर देते. रुपेरी-पांढरी पूड सबंध पापणीवर जाड फासली तर तीही दवासारखी गोठलेली दिसते. म्हणून फिकट छटा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जेमतेम टेकवावी. आयर्न ऑक्साइडचा लेप असलेल्या तांबड्या, काशाच्या, जुन्या सोन्याच्या छटांना मात्र असलं काहीच बंधन नाही. त्यांच्यात त्वचेचाच उबदार रंग आहे.

चाळिशीचा नियम याहून पोकळ आहे. त्याच्या पोटात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे, ती मान्य करते. पापणीची त्वचा सैल झाली की मोठे कण घडीत जमतात आणि सुरकुती अधोरेखित करतात. पण कण बारीक असतात तशी पूडही मिळते. १० ते ६० मायक्रॉनच्या आसपासचे पापुद्रे सौम्य मोतिया तकाकी देतात. शंभराच्या पुढचे सुटे सुटे चमकतात. बारीक पूड घ्यावी, दमट ब्रशने पातळ दाबावी, पापणीच्या घडीच्या खालीच थांबावं. घडीवर आणि भुवईखाली मॅट रंग ठेवावा. तंत्राचा प्रश्न तंत्राने सुटला. उरलं ते काय? उरली ती अशी समजूत की एका वयानंतर बाईने लक्ष वेधून घेऊ नये. ती मेकअपच्या सल्ल्याच्या आडून सांगितली जाते म्हणून जास्त चीड आणणारी आहे. पन्नाशीच्या बाईला आपल्या पापणीवर तांब्याची झळाळी हवी असेल, तर तिला कुणाची परवानगी नको आणि कुणाचा सल्लाही नको.

आता संचाकडे वळू. भेटसंच काढणाऱ्या कंपन्यांची बाजू घ्यायची मला हौस नाही. ‘मर्यादित आवृत्ती’ ही घाई लावायची युक्ती आहे, संचातले ब्रश बहुधा टाकाऊ असतात, ग्रॅममागे हिशोब केला तर छोटी कुपी मोठ्या डबीपेक्षा महाग पडू शकते, आणि नाताळ उलटला की तेच संच अनेकदा कमी किमतीत मिळतात. हे सगळं धरूनही, सुट्या पुडीच्या बाबतीत छोटी कुपी हेच योग्य माप आहे. पुडीत जवळजवळ सगळा रंगच असल्यामुळे एका वेळेला चिमटीहूनही कमी लागते. मॅकची पूर्ण डबी पूर्वी साडेसात ग्रॅमची असे, नंतर साडेचार ग्रॅमची झाली. घरच्या वापरात तीही एका बाईकडून संपणं अवघड आहे. १९८४ साली टोरांटोत फ्रँक टॉस्कन आणि फ्रँक अँजेलो यांनी सुरू केलेली ही कंपनी मुळात फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या मेकअप आर्टिस्टांसाठी माल बनवत होती. तिथे रोज नवे चेहरे असतात, डबी संपते. तिनेच पुढे नाताळसाठी पाच-पाच छोट्या कुप्यांचे संच काढले, ते घरच्या बाईच्या गरजेला जास्त जवळचे होते. पाच छटा पाहायच्या, त्यातल्या दोन आपल्याशा करायच्या, उरलेल्या कोरड्या चमच्याने स्वच्छ डब्यांत काढून बहिणीला, मैत्रिणीला द्यायच्या. दाबलेली आयशॅडो अशी वाटून घेता येत नाही.

आणि आता पाचवा आक्षेप. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात आणि लगतच्या बिहारमध्ये अभ्रकाचा मोठा पट्टा आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या कित्येक खाणी बंद पडल्या, पण अभ्रक वेचणं थांबलं नाही. सोडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आणि अरुंद बिळांतून घरंच्या घरं अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. त्यात मुलं असतात. २०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी दोन महिन्यांत सात मुलं अशा खाणींत मेल्याचं आणि ते दडपलं गेल्याचं उघड केलं. हे वाचून पुडीची कुपी हातातून ठेवावीशी वाटली, तर ती भावना खरी आहे आणि मी तिचा आदर करते.

पण ठेवून काय होतं ते विचारायला हवं. अभ्रक फक्त आयशॅडोत नसतं. मोटारींच्या रंगात, विजेच्या उपकरणांतल्या विद्युतरोधक थरात, प्लॅस्टिकमध्ये, भिंतीच्या रंगात ते असतं. शिवाय दाबलेल्या आयशॅडोत, ब्लशमध्ये, लिपस्टिकमध्ये, कॉम्पॅक्टमध्येही तेच अभ्रक असतं. सुट्या पुडीवर बोट ठेवून बाकीचा मेकअप चेहऱ्यावर ठेवणारी व्यक्ती स्वतःची समजूत काढते, पोरांचं काही भलं करत नाही. आणि सगळ्यांनीच खरेदी थांबवली तर ढिबऱ्याचा भाव आणखी पडेल. ज्या घरात दुसरी कमाई नाही तिथे पोराला जास्त वेचावं लागेल. मागायचं ते वेगळं आहे. अभ्रक कुठून आलं याचा हिशोब कंपनीने द्यावा, वेचणाऱ्या घरांना जगता येईल असा दर मिळावा, खाणकाम कायद्याच्या आत यावं आणि मुलं शाळेत जावीत. या दबावामुळेच २०१७ साली पॅरिसमध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि मोठ्या मेकअप व रंगद्रव्य कंपन्या तिच्यात आल्या. काम पुरेसं झालं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते गिऱ्हाइकांनी प्रश्न विचारल्यामुळे सुरू झालं.

चमकीचा उगम बदलता येतो याला इतिहास साक्षी आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी माशांच्या खवल्यांपासून मोतिया लेप बनवला. नंतर शिशाचे आणि बिस्मथचे क्षार आले. १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवण्याची पेटंट घेतली आणि आजची पूड जन्मली. आता भट्टीत बनवलेलं कृत्रिम अभ्रकही सर्रास वापरलं जातं. वेष्टनावर ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ असं लिहिलेलं असेल तर ते हेच. ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ असेल तर ते खाणीतलं. ज्यांना वेचलेलं अभ्रक नको आहे त्यांनी यातलं पहिलं नाव शोधावं. चमक सोडून द्यायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्याही पुढे जाईन. संचांत कधी कधी पिगमेंटबरोबर प्लॅस्टिकची चमकीही भरलेली असते आणि आपण दोन्हीला एकच समजतो. घटकांच्या यादीत ‘पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट’ दिसलं तर ती प्लॅस्टिकची. तिचे कण जाड आणि धारदार कडांचे असतात, डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो, आणि चेहरा धुतल्यावर ते नदीत जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सजावटीच्या सुट्या प्लॅस्टिक चमकीची विक्री रोखली, मेकअपला मात्र २०३५ पर्यंत मुदत दिली. इतकी वाट आपण का पाहावी? रांगोळीची किंवा हस्तकलेची चमकी तर पापणीजवळ नेऊच नये. पिगमेंट लावतानाही पूड फुंकायची नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी घालायच्या आणि रात्री आधी काढायच्या. काही भडक गुलाबी-लाल छटांवर अमेरिकेच्या नियमांनुसार ‘डोळ्यांभोवती वापरू नये’ असं छापलेलं असतं. ते वाचायचं आणि पाळायचं.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. मेकअपवर लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी सुट्या पुडीवर निकाल देताना पाया म्हणून काय लावलं, ब्रश कोरडा होता की दमट, त्वचेचा रंग कुठला आणि उजेड कसला, एवढं सांगितल्याशिवाय ‘सांडतं’ आणि ‘शोभत नाही’ हे शब्द वापरू नयेत. आणि कंपन्यांनी पाचवी छटा देण्याऐवजी त्या जागी मिक्सिंग मीडियमची एक छोटी बाटली द्यावी, लावायची रीत चार ओळींत छापावी आणि अभ्रक कुठल्या जिल्ह्यातून आलं ते त्याच पेटीवर लिहावं. यातलं काहीच अवघड नाही, काहीच महाग नाही. तोवर ज्यांच्या ड्रॉवरमध्ये अशा कुप्या पडून आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात, वेष्टनावरचे घटक वाचावेत आणि एक कुपी नीट, चिकट पायावर दाबून, दिवसाच्या उजेडात लावून पाहावी. मग जे मत होईल ते त्यांचं स्वतःचं असेल, आणि ते विरुद्ध गेलं तरी मी ते मानेन.